तीन वेळा विझलेला पायलट

पहाटे साडेतीनला जावयांनी दार वाजवलं. "बाबा, जागे आहात का? पुन्हा गेला."

काय गेला ते विचारावं लागलं नाही. नाकाचा शेंडा सांगत होता. थर्मोस्टॅटवर १४ अंश, बाहेर उणे २३, आणि वरच्या खोलीत अडीच महिन्यांची नात. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या लेकीच्या त्या घरात फर्नेसचा, म्हणजे घर उबदार ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीचा, पायलट (गॅस पेटवणारी छोटी ज्योत) विझण्याची महिन्याभरातली ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळांना थर्मोकपल, म्हणजे तापलं की थोडीशी वीज देणारी धातूची कांडी, बदलून झालं होतं.

मी भोसरीच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांवर एकतीस वर्षं काढली. थर्मोकपल हा माझ्या रोजच्या ओळखीचा माणूस. तरीही या प्रकरणात खरं कारण मला सापडलं नाही, दुसऱ्याने दाखवलं. ते कसं झालं हे सगळं लिहून ठेवतोय, कारण अमेरिका-कॅनडात गावाबाहेर घर घेतलेली आपली मुलं पुष्कळ आहेत. पाइपचा गॅस तिथवर पोचत नाही, अंगणात प्रोपेनची टाकी असते आणि तळघरात अशी एखादी जुनी फर्नेस.

लेकीचं घर सत्तरच्या दशकातलं. फर्नेसवरच्या पत्र्याच्या पट्टीवर १९८६ साल. आता मिळतात त्या फर्नेसमध्ये ठिणगीने किंवा तापलेल्या कांडीने गॅस पेटतो. हिच्यात बारा महिने चोवीस तास एक छोटी ज्योत जळत असते, तोच पायलट. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की मुख्य बर्नरचा गॅस सुटतो आणि या ज्योतीवर पेट घेतो. ज्योत विझलेली असताना गॅस सुटला तर तळघर भरून जाईल. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, पाण्यासारखं खाली साचतं. म्हणून ज्योतीत थर्मोकपलचं टोक धरलेलं असतं. ते तापलं की काही मिलिव्होल्ट तयार होतात आणि तेवढ्यावर गॅसच्या व्हॉल्व्हमधलं छोटं विद्युतचुंबक झडप उघडी धरून ठेवतं. ज्योत गेली, टोक थंड झालं, चुंबकाने हात सोडला, टक्. गॅस बंद.

यात एक मजा आहे. हे चुंबक झडप धरून ठेवू शकतं, स्वतः ओढून उघडू शकत नाही, तेवढी ताकद त्यात नसते. पायलट पेटवताना बटण बोटाने दाबून मिनिटभर थांबावं लागतं ते यासाठी. झडप आपण उघडायची, चुंबकाने फक्त धरायची. भट्टीवर आम्ही थर्मोकपल तापमान वाचायला वापरायचो. ८५० अंशाला के टाइपचं थर्मोकपल ३५ मिलिव्होल्ट दाखवतं, हे मला झोपेतही सांगता येईल. पण तेवढ्याशा विजेने कोणी दार धरून ठेवतं, हे मी साठी उलटल्यावर पाहिलं.

पहिल्यांदा पायलट गेला तो नाताळच्या आठवड्यात. गॅस पुरवणाऱ्या कंपनीचा तरुण माणूस आला, दहा मिनिटांत थर्मोकपल बदललं, पेटवून दाखवलं, गेला. सतरा दिवस सुरळीत. मग एका कडाक्याच्या रात्री पुन्हा. या वेळी दुसरा माणूस, पुन्हा थर्मोकपल. "आधीचं खराब निघालं असेल," म्हणाला. मी ते काढलेलं थर्मोकपल ठेवून घेतलं. टोकावर काळा मखमली थर होता. भट्टीवाल्या माणसाने तिथेच थांबायला हवं होतं. मी ते पिशवीत घातलं आणि वर चहाला गेलो. हे दुसरं थर्मोकपल बारा दिवस टिकलं.

तर तिसरी खेप. लेक बाळाला छातीशी धरून जिन्याच्या तोंडाशी उभी. "बाबा, तू हात लावू नकोस हं. त्यांना फोन करू या." फोन केला, सकाळी नऊच्या आधी कोणी येणार नव्हतं. तोवर नळातलं पाणी गोठून पाइप फुटण्याची भीती. पायलट पुन्हा पेटवण्याची कृती फर्नेसच्या दारामागे छापलेली असते, घरमालकाने करायची म्हणूनच छापलेली असते. जावई आणि मी ती ओळ न् ओळ वाचत केली.

थर्मोस्टॅट खाली. गॅसचं बटण 'ऑफ'वर. मग पाच मिनिटं थांबायचं आणि वास घ्यायचा, तोही जमिनीशी. मी सरळ चटई टाकून पालथा झालो. नुसतं उभं राहून हुंगण्याला अर्थ नाही. वास येतो तो प्रोपेनमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन या उग्र वासाच्या रसायनाचा, आणि गॅस खाली पसरलेला असेल तर नाक वर असून काय उपयोग. वास आला असता तर तिथला दिवाही न लावता-विझवता सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि गॅसवाल्यांना फोन शेजारच्या घरातून करायचा, हे जावयांशी आधीच बोलून ठेवलं होतं. पुण्यात आपण खिडक्या उघडतो, इथल्या तळघराला उघडण्याजोगी खिडकीच नव्हती. छताजवळ दोन अरुंद काचा, त्याही बसवलेल्या. काचांवर आतून बर्फ धरलं होतं. ते मी पाहिलं, आणि 'केवढी ही थंडी' एवढंच मनात म्हटलं.

वास नव्हता. बटण 'पायलट'वर फिरवून दाबलं, लांब नळीच्या लायटरने पेटवलं, साठ आकडे मोजले, सोडलं. ज्योत राहिली. 'ऑन'. थर्मोस्टॅट वर केला तसे आत बर्नर भप्पकन पेटले. बटण फिरवायला फक्त हात वापरायचा, पक्कड नाही, हेही त्या पट्टीवर लिहिलेलं असतं. अडकलेलं बटण हत्याराने फिरवलं की आतली झडप दुखावते.

सहा चाळीसला फर्नेस पुन्हा थंड.

शिफ्टची सवय म्हणून मी दुसऱ्या खेपेपासून वहीत वेळा लिहीत होतो. त्या सकाळी हातमोजे घालून ती वही चाळली तेव्हा एक गोष्ट दिसली. फर्नेस गप्प असताना पायलट एकदाही विझला नव्हता. दुपारी ऊन असतं, बर्नर तासाला पाचेक मिनिटं चालतो, तेव्हा ज्योत खुशाल तेवत असायची. ती जायची पहाटे, बर्नर दीड-दोन तास जवळजवळ सलग चालल्यावर. वारा कारण असता तर दिवसाही गेली असती, आणि ती रात्र तर पान न हलणारी होती.

संशयित एकेक करून काढले. टाकी ५०० गॅलनची, काटा ३८ टक्क्यांवर. (या टाक्या ८० टक्क्यांच्या वर भरत नाहीत, गॅसला फुगायला जागा ठेवतात.) थंडीत टाकीतला दाब उतरतो हे खरं, पण त्याच नळीवर वर स्वयंपाकघरातली शेगडी होती आणि तिच्या चारही चुली निळ्याजर्द जळत होत्या. म्हणजे टाकी आणि रेग्युलेटर निर्दोष. तरी जावयांनी जाऊन टाकीच्या झाकणावरचं आणि रेग्युलेटरच्या तोंडाजवळचं बर्फ हाताने काढलं. उरलं काय? हीट एक्स्चेंजरला, म्हणजे आत ज्वाला आणि बाहेरून घरातली हवा अशा पत्र्याच्या पेटीला, तडा गेला असेल तर पंख्याची हवा ज्वालांच्या कप्प्यात शिरते आणि पायलट हलतो. ही शंका मला सगळ्यात छळत होती, कारण त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याचे अलार्म वर-खाली तीन होते, तिन्ही गप्प होते, आणि एकावरची मुदत उलटून गेली होती. तो त्याच दिवशी बदलला.

नऊला आला तो सत्तरीकडे झुकलेला माणूस. पत्र्याची पेटी खाली ठेवली, उघडली नाही. आधीच्या दोन पावत्या वाचल्या, मला म्हणाला, "म्हणजे घरात दोन नवी थर्मोकपल आणि एक जुना आजार." मग पायलट पेटवला, कपड्यांची रिकामी बादली पालथी घातली, तिच्यावर बसला आणि ज्योतीकडे बघत राहिला. चांगली पाच मिनिटं. दिवाही मालवला.

मी मागून डोकावलो. ज्योत पिवळी होती, टोकाशी निमुळती, किंचित डुलणारी. देवघरातल्या निरांजनासारखी. मला ती तीनदा दिसली होती आणि तीनही वेळा 'पेटली बुवा' म्हणून मी समाधान मानलं होतं. पायलटची ज्योत निरांजनासारखी दिसून चालत नाही. ती शेगडीसारखी हवी, निळी, ताठ, थोडी फुसफुसणारी, आणि थर्मोकपलच्या टोकाला वरचे दहा-बारा मिलिमीटर वेढून धरणारी. ही ज्योत टोकाला नुसती चाटत होती.

त्याने थर्मोकपल आणि व्हॉल्व्हच्या मध्ये एक छोटा जोड बसवला, त्याला मीटर लावला. चुंबक धरलेलं असताना, म्हणजे काम चालू असतानाचा आकडा त्यात दिसतो. सहा मिलिव्होल्ट. मग मुख्य बर्नर चालू करून आम्ही दोघं बसलो. मी जिन्यावर, तो बादलीवर. पाच मिनिटांनी साडेपाच. पंधरा मिनिटांनी साडेचार. पंचविसाव्या मिनिटाला तीनच्या आसपास, आणि टक्. पायलट आणि बर्नर एकदमच गेले.

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि लाजही वाटली. थर्मोकपल तापमान मोजत नाही, तापमानातला फरक मोजतं. एक टोक गरम, एक थंड, आणि विजेचा दाब त्या दोघांच्या तापमानातल्या अंतराचा. आम्ही भट्टीवर थंड टोकाची किती काळजी घ्यायचो! इथे बर्नर तासभर चालला की आजूबाजूचं सगळं तापतं, थर्मोकपलचा बुडखाही तापतो, अंतर कमी होतं. ज्योत दणकट असेल तर एवढी घट सहज पचते. ज्योतच मरतुकडी असेल तर आधीच काठावर असलेला आकडा खाली घसरतो आणि झडप सुटते. नवं थर्मोकपल, वर काजळी नसलेलं, तेवढ्याच ज्योतीतून थोडं जास्त देतं म्हणून सतरा दिवस चाललं. काजळी धरली, संपलं. दुसरं घातलं तोवर ज्योत आणखी खालावलेली, म्हणून ते बाराच दिवस.

आता ज्योत का मरतुकडी. त्याने गॅस बंद करून पायलटची जोडणी बाहेर काढली. पेन्सिलीएवढी नळी, तिच्या टोकाला पितळी जेट, आणि त्याच्या खाली हवा आत घेणारं छिद्र. गॅस जेटमधून सुटताना त्या छिद्रातून हवा ओढून घेतो, म्हणून ज्योत निळी होते. त्या छिद्रावर करड्या रंगाची गादी बसली होती. त्याने चिमट्याने ती उचलून माझ्या तळहातावर ठेवली. बोटात धरली तर दबणारी, ऊबदार, बाळाच्या नखाएवढी.

जेटही पाहू म्हणून त्याने उजेडासमोर धरला. मी खिशातून शेगडीची पिन काढली. खोटं कशाला बोलू, ती मी सकाळीच वरून आणून ठेवली होती. आपल्याकडे ज्योत पिवळी पडली, भांड्यांचे बूड काळे व्हायला लागले की गॅसचा मिस्त्री येतो, जेटमध्ये पिन घालतो, फुंकर मारतो. दाबही जवळपास तोच असतो. आपल्या घरगुती रेग्युलेटरचा पाण्याच्या उंचीत साधारण ३० सेंटिमीटर, इथला ११ इंच. पण म्हाताऱ्याने माझा हात हलकेच बाजूला केला. पायलटच्या जेटचं भोक इंचाच्या एक शतांशाच्या आसपास, पाव मिलिमीटर. प्रोपेनचं भोक नैसर्गिक वायूच्या भोकाहून बारीक असतं, कारण प्रोपेनमध्ये तेवढ्याच आकारमानात अडीच पट उष्णता असते. त्यात पिन फिरवली तर पितळ झिजतं, भोक मोठं किंवा वाकडं होतं, आणि मग ज्योत कायमची बिघडते. त्याने जेट स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला, नळीतून हवा मारली. नळीतून थोडी तपकिरी पूड पडली. पंधरा मिनिटांनी जेट पुन्हा उजेडासमोर धरला, मान हलवली आणि पेटीतून नवा काढून बसवला. त्याच्यावर प्रोपेनचा शिक्का आहे ना, हे त्याने भिंग लावून पाहिलं.

थर्मोकपल मात्र बदललं नाही. काजळी बारीक तारेच्या लोकरीने पुसली, टोक ज्योतीत नीट येईल असं क्लिपमध्ये वर सरकवलं, नट हाताने बसवून वर पाव आटा दिला. जास्त आवळलं तर टोकाचं इन्सुलेशन चेपतं. पेटवलं. निळी ज्योत, फुस्स आवाजासकट. मीटरवर बारा. बर्नर अर्धा तास चालवल्यावर साडेदहा, आणि तिथेच स्थिर. मग त्याने पायलट मुद्दाम विझवून घड्याळ लावलं. झडप सत्तेचाळीस सेकंदांनी पडली. सुरक्षा यंत्रणा वेळेत गॅस तोडते आहे याची ती परीक्षा.

माझ्या छळणाऱ्या शंकेचंही उत्तर मिळालं. पंखा चालू होताना मुख्य ज्वाला हलल्या नाहीत, आरसा आणि दिवा घेऊन त्याने एक्स्चेंजर पाहिला, घरातल्या हवेत मोनॉक्साइड शून्य. पण मुख्य बर्नरच्या तोंडांवरही तीच करडी लव होती आणि दोन ज्वालांची टोकं पिवळी होती. ते सगळं त्याने ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ केलं. ही लव तशीच साचत राहिली असती तर पायलट विझणं ही सगळ्यात किरकोळ गोष्ट ठरली असती.

"एवढी लव आली कुठून?" त्याने विचारलं आणि आम्ही तिघेही एकाच दिशेला वळलो. फर्नेसपासून सहा-सात फुटांवर कपड्यांचा ड्रायर. विजेवरचा. जावयांनी तो ओढून पुढे घेतला. मागची चंदेरी नळी भिंतीतल्या तोंडातून सुटून जमिनीवर पडलेली, आणि भिंत कमरेपर्यंत करड्या कापसाने मढलेली.

काचेवरचं बर्फ आतून का होतं, ते तेव्हा कळलं. ड्रायरची सगळी वाफ तळघरात सुटत होती आणि तिच्याबरोबर कपड्यांचा कापूसही. फर्नेस जळायला लागणारी हवा ओढते ती याच तळघरातून.

पण ड्रायर तर चार वर्षांपासून तिथेच होता. हा भाग लिहिताना घरातल्या शांततेचा विचार करावा लागतोय. आम्ही ऑक्टोबरात आलो ते लेकीच्या बाळंतपणासाठी. हिने, म्हणजे माझ्या बायकोने, एक अख्खी बॅग भरून आईच्या आणि स्वतःच्या जुन्या सुती साड्यांची दुपटी, लंगोट, झबली शिवून आणली होती. चाळीस वर्षं धुतलेलं सूत, बाळाच्या अंगाला त्याहून मऊ काही नाही. त्यात इथल्या डायपरने पुरळ येतं असं एकदा झालं आणि मग सगळा कारभार लंगोटांवर आला. ड्रायर आठवड्यातून दोनदा चालायचा तो दिवसातून तीन-चारदा चालू लागला. अशा विरलेल्या सुताला लव सुटते ती किती! नळी बहुधा नोव्हेंबरात सुटली, मी ड्रायरमागे पडलेला मोजा काढायला यंत्र हलवलं होतं तेव्हा. हे मी त्या क्षणी बोललो नाही. दुपारी जेवताना बोललो.

ही म्हणाली, "म्हणजे माझ्या दुपट्यांनी नाही, तुमच्या मोज्याने झालं."

जावयांनी त्याच दिवशी पत्र्याची कडक नळी आणून क्लँपने बसवली, बाहेरच्या झाकणातला कापूस काढला. फर्नेसचा फिल्टर बदलला, तोही राखाडी गोधडी झाला होता. मुक्काम मार्चअखेरपर्यंत होता. दर रविवारी मी दारातून ज्योत बघून वहीत एक ओळ लिहायचो: निळी, ताठ. त्या हिवाळ्यात पायलट पुन्हा गेला नाही.

फर्नेस बदलायची का हा प्रश्न उरला. म्हातारा म्हणाला, एक्स्चेंजर धड आहे तोवर चालेल, पण नव्या यंत्रात जळणाची हवा बाहेरून नळीने येते, तळघरातल्या धुळीचा संबंधच राहात नाही. शिवाय पायलट उन्हाळ्यातही गॅस खातो. मी हिशेब मांडला. ताशी ८०० बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) धरले तर दिवसाला १९,२००. प्रोपेनच्या गॅलनमध्ये साधारण ९१,५००. म्हणजे रोज गॅलनचा पाचवा हिस्सा, मे ते सप्टेंबर तीसएक गॅलन नुसते तेवत राहायला. लेकीने उन्हाळ्यात पायलट बंद ठेवायचं आणि पुढच्या वर्षी फर्नेस बदलायचं ठरवलं. बंद ठेवलेल्या पायलटच्या नळीत कोळी घर करतात, म्हणून ऑक्टोबरात पेटवण्याआधी त्याच म्हाताऱ्याला बोलवायचं, हेही.

ड्रायर मात्र ठीक झाल्यावरही हिचा विश्वास बसला नाही. तिने तळघरात फर्नेसपासून दूर, दुसऱ्या टोकाच्या भिंतीशी नायलॉनची दोरी बांधून घेतली. आम्ही निघालो त्या दिवशी तिच्यावर सात लंगोट आणि एक हिरवं इरकली दुपटं वाळत होतं.